सणाच्या सोमवारचे सोळा किलो

“तीनशे सहासष्ट.”

काटेवाल्या क्रेझाने बीटाची गाडी तोलल्यासारखा आकडा सांगितला. मग लोखंडी दांडीवरचं सरकतं वजन बोटाने पुढे-मागे केलं, एक डोळा मिटला आणि पुन्हा तेच म्हणाला, “तीनशे सहासष्ट किलो. टाकीत थेंबभर पेट्रोल नाही, आत माणूस नाही. माझा काटा खोटं बोलत नाही हं, हिनेक. डुकरं तोलताना लोक रडतात, पण काट्याला नावं ठेवत नाहीत.”

हेडविकाने भावाकडे पाहिलं. हिनेकचा चेहरा पांढराफटक पडला होता. गेले चौदा महिने तो वहीत एकच आकडा घोटत बसला होता, तीनशे एकेचाळीस. कायदा सांगत होता, साडेतीनशे किलोच्या वरच्या गाडीला मागे जाण्याचा गिअर हवाच. त्यांच्या या मोटारीला, पाकोळीला, तो नव्हता. तो घातला की गिअरचा डबा बदलायचा, डबा बदलला की वजन वाढायचं, आणि वजन वाढलं की पाच घोड्यांचं ते एकुलतं सिलिंडर संत आन्नाच्या टेकडीवर धापा टाकत बसायचं. म्हणून तर हिनेकने गाडी पाखरासारखी हलकी बांधली होती.

“सोळा किलो,” हेडविका म्हणाली. “आलं कुठून हे?”

“मला काय विचारतेस? काट्याला विचार!”

“काट्याला कशाला? घरातल्यांना विचारू. मी तुला शनिवारपासून सांगतेय, दादा, पुढच्या स्प्रिंगा बोटभर खाली बसल्यात म्हणून. तू म्हणालास, तुला भास होतात.”

साडेनऊ झाले होते. पाकोळी तपासायला प्रागहून सरकारी इंजिनियर विंकलर एकच्या आगगाडीने यायचा होता. सणाचा हा सोमवार. काल चर्चचा सण झाला, घरोघर हंस भाजले गेले, आज अख्खं पोदलेसी पोटावर हात ठेवून बसलं होतं. आजच्या दिवशी गावात कुणी हत्याराला हात लावत नाही. पण सरकारी कॅलेंडरात पोदलेसीचा सण कुठून असणार? विंकलरसाहेबांनी सोमवार कळवला आणि सोमवार ठरला.

आणि नेमका हाच शेवटचा दिवस होता. गेल्या वर्षी याच सणाच्या ताटावर बाबांनी, ब्लाझेय कोउदेलांनी, काटा-चमचा खाली ठेवून सगळ्यांदेखत सांगितलं होतं, “हिनेक, फटफट्या केल्यास, मी बोललो नाही. पहिल्या दोन वर्षांत खपल्या, आता जर्मन स्वस्त देतात, तुझ्या गंजतायत. आता म्हणे मोटार! ठीक. पुढचा सण संपेपर्यंत सरकारचा कागद आण. नाही आला तर शेड रिकामी. मला बैलगाड्यांची चाकं ठेवायला जागा लागते.” ब्लाझेय कोउदेलांचा शब्द म्हणजे ऐरणीवरचा घण. पडला की पडला.

शेड गेली की हिनेकला कुठेही नोकरी मिळाली असती. त्याचं काही अडत नव्हतं. हेडविकाचं अडत होतं. सव्वीस वर्षांची पोरगी, पाकोळीचे नकाशे तिने काढलेले, पाकोळी एरवी चालवायची तीच. जुलैत चालकाची परीक्षा दिली तेव्हा परीक्षकाने दोनदा चष्मा पुसला होता. शेड नसेल तर ती कोण? रोझालीची धाकटी बहीण, आईच्या हाताखालची.

“ढकला,” ती म्हणाली. “घरी. पळत!”

*

शेडमध्ये सगळा गोतावळा जमला. म्हणजे बोलावलं कुणी नव्हतं, पण कोउदेलांच्या घरात भांडण सुरू झालं की वास येतो म्हणतात. ओल्द्रिखकाका तोंडात खसखशीचं कोलाच, सणाचा गोड पाव, घेऊनच आला. रोझालीचा नवरा सेव्हेरिन कोटाची बटणं लावत आला. बाबा दारात उभे राहिले, चिलीम न पेटवता नुसती दातात धरून.

“कुणी काय काय चढवलंय या गाडीवर?” हिनेकने वही आपटली. “आत्ताच्या आत्ता सांगा. दाजी, सीट!”

सेव्हेरिन जातीचा खोगीरवाला. त्याने छाती पुढे काढली. “सीटचं काय? नकाशात काय होतं, एक फळी आणि वर कातडं! त्याच्यावर कोण बसणार, साधूबुवा? मी स्प्रिंगा घातल्या, घोड्याचे केस भरले. पाठीला दुहेरी कातडं. पितळी खिळे एकशेवीस. लोकांनी म्हणायला पाहिजे, ही कोउदेलांची गाडी!”

“किती किलो?”

“खोगीर कुणी किलोवर मोजतं का?”

“सहा,” हेडविका म्हणाली. तिने सीट उचलून पाहिली होती. “नकाशापेक्षा सहा जास्त.”

“आणि काका, तुम्ही?”

ओल्द्रिखकाका बग्ग्या रंगवणारा. सरदारांच्या बग्ग्या रंगवल्या होत्या त्याने, आणि ते तो तासातासाला सांगायचा. “मी? मी नुसता रंग दिला बाबा.”

“किती हात?”

“चौदा.”

“चौदा!”

“मग? चार हातांत बग्गी होते का? खाली शिसपांढऱ्याचं लुकण भरायचं, घासायचं, परत लुकण, परत घासायचं. तोंड दिसलं पाहिजे त्यात! तुझी फटफटी नाही ही, तीन हात मारले आणि दिली सोडून.”

“शिसं लावलंत?” हिनेक केस उपटायचा तेवढा राहिला. “काका, शिसं! पाखराच्या पंखाला शिसं!”

“ओरडू नकोस त्याच्यावर,” सेव्हेरिन मध्ये पडला. “माणसाने जीव ओतलाय.”

“ओतलाय खरा. दहा किलो ओतलाय!”

आता झाली जोडी. सेव्हेरिन आणि काका, ज्यांचं गेली सहा वर्षं एका घोड्याच्या पायी बोलणं नव्हतं, ते खांद्याला खांदा लावून उभे राहिले. शिकलेल्या पोरांना कारागिरीची किंमत नाही, हे दोघांनी एका सुरात सांगितलं. रोझाली दारातून म्हणाली, “माझ्या नवऱ्याच्या सीटला हात लावून तर बघा!” हिनेक एकटा पडला. तो वहीची पानं उलटत म्हणत होता, “सहा नि दहा सोळा, पण पंचवीस जास्त आहेत. अजून नऊ कुठेत?”

हेडविका खाली वाकली. तिने पाना घेतला आणि पुढच्या एक्सलवर मारला.

हा एक्सल प्रागहून मागवलेला, पोलादी नळीचा. पोकळ. पाना मारला की घंटेसारखा वाजायला हवा.

ठक्.

तिने दुसऱ्यांदा मारला. ठक्. भरीव लोखंड. दोन चाकं धरणारा, बैलगाडीला शोभेल असा, सुबक घडवलेला एक्सल. वर काकाचे चौदा हात, त्यामुळे कुणाला संशय येणं शक्यच नव्हतं. आणि असा एक्सल घडवणारा लोहार पोदलेसीत एकच होता.

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

बाबांनी चिलीम काढली. “हो,” म्हणाले. “मीच.”

“कधी?” हिनेकचा आवाज फाटला.

“ऑगस्टात. तू फटफटीच्या गिऱ्हाइकाकडे गेला होतास तेव्हा.”

“का?”

“पोकळ होता तो.”

“पोकळच असायला हवा होता! त्यासाठीच तर मागवला होता!” हिनेक दोन पावलं पुढे गेला. हेडविकाला वाटलं, आता हा बोलू नये ते बोलणार. आणि तो बोललाच. “खरं सांगा ना बाबा. तुम्हाला शेड हवी होती. तोंडाने वर्षाची मुदत दिलीत आणि हाताने खोडा घातलात. गुपचूप, आमच्या पाठीमागे. मुलगा नापास व्हावा म्हणून!”

ओल्द्रिखकाकाचं कोलाच हातातच राहिलं. बाबांचा चेहरा असा झाला, की हेडविकाला भावाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. ते वळले आणि अंगणात निघून गेले.

“शोभतं का रे तुला?” ती हिनेकवर उसळली. “बाबांनी आजवर लबाडी केलीय कधी?”

“मग हे काय आहे? प्रसाद?”

“ते मला माहीत नाही. पण लबाडी नाही.”

“तू कुणाच्या बाजूची आहेस, हेडू?”

“मी गाडीच्या बाजूची आहे! दहा वाजलेत. नळीचा एक्सल कुठे आहे ते बघ आधी.”

कुणालाच माहीत नव्हतं. भंगारात नव्हता, माळ्यावर नव्हता. काका म्हणाला, विकला असेल. सेव्हेरिन म्हणाला, वितळवला असेल. तेवढ्यात आई आत आली. आपोलेनाबाई, एप्रनला हात पुसत, मागे भाजलेल्या हंसाचा वास घेऊन. चाळीस वर्षांत तिने नवऱ्याचं गुपित कधी फोडलं नव्हतं. ती दारात थांबली, अंगणातल्या नवऱ्याकडे एकदा बघितलं, आणि मग हिनेककडे.

“कोंबड्यांच्या खुराड्यात आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“तुझी ती नळी. आडवी बसवलीय ह्यांनी. कोंबड्या बसतात तिच्यावर. मला म्हणाले, बोलू नकोस. नाही बोलले. पण बापाने कष्टाने घडवलेल्या वस्तूला पोरगा खोडा म्हणतो, ते ऐकून घ्यायला मी काही बहिरी नाही. जा, घेऊन या. आणि अंडी फोडू नका.”

*

खुराड्यातली ती दहा मिनिटं कोउदेलांच्या घरात पुढे पन्नास वर्षं सांगितली गेली. अठरा कोंबड्या, एक चिडका कोंबडा, आणि मध्ये गुडघ्यांवर बसलेले कारखान्याचे मालक हिनेक कोउदेला, प्रागचं पॉलिश केलेलं पोलाद ओढून काढताना. नळी बाहेर आली तेव्हा ती कुठल्या धातूची आहे हे सांगायला ज्योतिषी लागला असता.

हेडविकाने ती खरवडली, घासली आणि पान्याने वाजवली. टण्ण! तिला इतका आनंद झाला की तिने ती घाण नळी मिठीत घेतली.

पण आनंद पाच मिनिटंच टिकला. खुराड्यात बसवताना बाबांनी नळीचा एक कान ठोकून वाकवला होता. त्या कानावर गाडीची स्प्रिंग बसणार नव्हती. सरळ करायला तापवावा लागणार, आणि तापवायला भट्टी. सणाच्या सोमवारी भट्टी! बाबांच्या बापानेही कधी या दिवशी निखारा फुलवला नव्हता. त्या दिवशी पेटलेली भट्टी वर्षभर काम जाळते म्हणत.

“मी पेटवतो,” हिनेक म्हणाला.

“बाबांच्या भट्टीला त्यांना न विचारता?” काका म्हणाला. “एवढी हिंमत असेल तर पेटव बाबा. मी इकडे बघतो, मला काही दिसलं नाही.”

हिनेक जागचा हलला नाही. आणि मग पलीकडून भात्याचा आवाज आला. भस्स… भस्स… हेडविका धावत गेली. बाबा कातड्याचा एप्रन बांधून उभे होते. कोट खुंटीला, बाह्या वर. भट्टीत निळी ज्योत उठलेली.

“दे इकडे,” ते म्हणाले. तिच्या डोळ्यांत बघितलं नाही.

“बाबा, सोमवार आहे.”

“कॅलेंडर मलाही वाचता येतं. चिमटा धर.”

नळी लाल झाली. पातळ पोलाद, एक घाव जास्त बसला तर कागदासारखं चुरगळणार. बाबांनी मोठा घण बाजूला ठेवला, पावशेराची हातोडी घेतली आणि घड्याळजी टिचक्या मारतो तशी मारत राहिले. चौदा-पंधरा टिचक्या. कान सरळ. सूत लावून बघायचीही गरज नव्हती.

“मला अजूनही हे लोखंड वाटत नाही,” ते म्हणाले आणि एप्रन सोडून निघून गेले. शेडकडे आलेच नाहीत.

मग सुरू झाली पळापळ. जॅक, पाने, घाम, शिव्या. भरीव एक्सल खाली आला. नऊ किलो गेले, सात उरले. सेव्हेरिनने एकदा बायकोकडे पाहिलं आणि सीटची पाठ स्वतः उलगडली. “सासऱ्यांनी सणाच्या दिवशी भट्टी पेटवली,” तो पुटपुटला, “मग माझ्या खिळ्यांचं काय एवढं.” घोड्याचे केस बाहेर आले, दुहेरी कातडं एकेरी झालं. चार किलो.

“तीन उरले,” हिनेक म्हणाला. आता सगळे ओल्द्रिखकाकाकडे बघत होते.

“नाही,” काका म्हणाला. “रंग निघत नाही. आठवडा लागेल खरवडायला.”

“दारं निघतात, काका,” हेडविका हळूच म्हणाली.

दोन छोटी दारं, गुडघ्याएवढी. त्यांच्यावर काकाने केसाएवढ्या कुंचल्याने पाकोळ्या काढल्या होत्या, डावीकडे एक, उजवीकडे एक. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम होतं ते. काकाने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. एकेक स्क्रू काढताना नाक ओढत होता.

“पुढच्या गाडीला लुकण लावू नका,” हिनेक नरमून म्हणाला, “पण पाकोळ्या काढा. पहिल्यांदा तुमच्या पाकोळ्या.”

“पुढची गाडी म्हणे,” काका म्हणाला. “ही तर पास कर!”

साडेबारा. पुन्हा चौकात. क्रेझाने वजन सरकवलं, एक डोळा मिटला.

“तीनशे साडेएक्कावन्न.”

“शक्यच नाही!” हिनेक किंचाळला. “साडेसोळा काढलेत! साडेएकोणपन्नास यायला पाहिजेत!”

हेडविकाने सीट उचलली. खाली हत्यारांची जागा रिकामी होती, पण पूर्ण रिकामी नव्हती. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं. सोडलं तर आत अर्धा हंस, कोबी आणि बारा कोलाचे.

“आई!”

“साहेब प्रागहून येतोय,” आई म्हणाली. “चढावर भूक लागली तर?”

गाठोडं निघालं. तीनशे साडेएकोणपन्नास. क्रेझाने गाठोड्यातलं एक कोलाच उचललं आणि म्हणाला, “हा काट्याचा हक्क.”

*

इंजिनियर विंकलर उंच, वाळका आणि सर्दी झालेला माणूस होता. त्याने आकडा पाहिला, काटा तीनदा हलवून पाहिला, वहीत लिहिलं. ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, भोंगा वाजवून पाहिला. दारांच्या जागी बिजागरांची भोकं दिसली, तेव्हा भुवई वर गेली, पण दार नसणं कायद्यात बसत होतं.

“आता चढ,” त्याने टेकडीकडे बोट केलं. “चालवणार कोण?”

हिनेक पुढे झाला आणि थांबला. हिनेक शहाण्णव किलोचा गडी होता. कालचा हंस धरला तर सत्त्याण्णव. दोन माणसं घेऊन पाकोळी त्या चढावर कधीच गेली नव्हती. त्याने बहिणीकडे बघितलं. ती बावन्न किलोची होती.

“माझी बहीण,” तो म्हणाला. “गाडीचे नकाशे तिचे आहेत. गाडी माझ्यापेक्षा तिचं ऐकते.”

हे तो पहिल्यांदाच चारचौघांत म्हणाला होता. हेडविकाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. विंकलरने तिचं प्रमाणपत्र उलटसुलट केलं, रुमालात शिंकला आणि शेजारी जाऊन बसला. केस काढून टणक झालेल्या सीटवर तो काठीसारखा ताठ बसला.

“चला, बाई.”

हिनेकने टाकीत पेट्रोल ओतलं आणि हँडल मारलं. फट्, फट्, फटफटफट! चौकातले हंस पंख पसरून पळाले, पोरं ओरडली, रोझालीने सेव्हेरिनचा दंड धरला. पाकोळी निघाली.

संत आन्नाची टेकडी म्हणजे काही पर्वत नाही. पण रस्ता अरुंद, दगडी, आणि वरच्या टोकाला छातीवर येतो. खालचा अर्धा भाग गाडी गाणं म्हणत गेली. मधल्या वळणावर इंजिनाचा सूर खाली आला. हेडविकाने खालचा गिअर टाकला. दात कडकडले, बसले. पुढची चाकं एका दगडावरून उडाली आणि नळी टण्णकन वाजली. तुटली? नाही, नाही तुटली!

“चल बये,” ती पुटपुटत होती, “चल गं, चल, घाबरू नकोस!”

“माझ्याशी बोलताय?” विंकलरने विचारलं.

“गाडीशी, साहेब. तुम्ही पुढे झुका!”

सरकारी माणूस पुढे झुकला. पाकोळी माणसाच्या चालीने, मग म्हाताऱ्याच्या चालीने, मग गोगलगायीला लाज वाटेल अशी चढत राहिली. पण थांबली नाही. पुढे अवघ्या अकरा गाड्या निघाल्या कोउदेलांच्या शेडमधून, आणि चार वर्षांत सगळाच खेळ आटोपला. पण त्या दुपारी टेकडीवर फक्त एक गाडी होती, आणि ती चढत होती. शेवटची दहा पावलं, पाच, आणि माथ्यावरच्या लिंडेनच्या झाडांची पिवळी पानं एकदम डोळ्यांसमोर आली. हेडविका आनंदाने मोठ्याने ओरडली. विंकलरनेही तोंड उघडलं होतं, पण त्याला शिंक आली.

वर संत आन्नाचं छोटं देऊळ, समोर दगडी बाक. रस्ता तिथेच संपत होता. डावीकडे भिंत, उजवीकडे उतार.

“छान,” विंकलर उतरून म्हणाला. “आता गाडी वळवा. मागे जाण्याचा गिअर नाही, कायद्याने लागतही नाही. पण खाली तर जायचंय ना? की इथेच देवीला वाहणार?”

हेडविका उतरली. गाडी पुढून उचलून फिरवायची, हिनेक आणि ती शेडमध्ये तसंच करत. पण हिनेक खाली होता. तिने एक्सलखाली हात घातले. हललं, पण उचललं गेलं नाही.

“सरक,” मागून आवाज आला.

देवळामागच्या पायवाटेने बाबा वर आले होते. एकसष्ट वर्षांचा माणूस, टोपी नाही, शर्ट पाठीला चिकटलेला, धाप लागलेली. ती पायवाट शेळीलाही नकोशी होते. ते ती पळत चढले असणार.

“बाबा! तुम्ही इथे कसे?”

“ती नळी…” त्यांनी झाडाला हात टेकला, श्वास घेतला. “वळणावर तुटेल वाटलं मला. ऑगस्टातच वाटलं होतं. आत काहीच नाही गं तिच्या! आणि वर तू बसणार. हिनेक नाही, तू. मी काय करायला हवं होतं?”

हेडविकाने त्यांचा हात धरला. मग ते वाकले, आडव्या नळीला दोन्ही तळवे लावले, आणि उचललं.

पुढचा भाग इतक्या सहज वर आला की ते स्वतःच मागे झुकले. त्यांनी नळीकडे बघितलं. पुन्हा गाडीकडे. मग तीन पावलं बाजूला सरकत गाडी फिरवली आणि अलगद, अंडं ठेवावं तशी, खाली ठेवली. गाडीचं तोंड आता गावाकडे होतं.

“मागच्या गिअरची गरज नाही,” विंकलर म्हणाला. “हे आता मी स्वतः बघितलं.” तो बाकावर बसला, कागद मांडीवर घेतला आणि सही केली. शिक्का फुंकून वाळवला आणि कागद हेडविकाच्या हातात दिला. “अभिनंदन. चला, उतरू.”

तो गाडीकडे वळला तेव्हा त्याच्या जागेवर ब्लाझेय कोउदेला बसलेले होते.

“साहेब, तुम्ही पायी या,” ते म्हणाले. “उतार आहे. ती नळी तुटली तर माझ्या पोरीशेजारी मी असेन, सरकार नाही. आमच्या घरी हंस आहे, बायको वाढेल तुम्हाला.”

विंकलरने आयुष्यात असा हुकूम घेतला नसावा. पण हंसाचं नाव ऐकून तो पायी निघाला.

उतार! चढताना गोगलगाय झालेली पाकोळी उतारावर खरोखर पाखरू झाली. वारा कानांत, पानं तोंडावर. बाबांनी दोन्ही हातांनी सीटची कड धरली होती. पहिल्या वळणावर ते म्हणाले, “हळू!” दुसऱ्या वळणावर म्हणाले, “अगं हळू, हेडू!” तिसऱ्या वळणावर काहीच म्हणाले नाहीत. हेडविकाने चोरून बघितलं. बाबा हसत होते. दात दिसत होते त्यांचे, पडलेले आणि उरलेले, सगळे.

चौकात गाडी थांबली, इंजिन बंद पडलं. आई, काका, सेव्हेरिन, रोझाली, क्रेझा, अर्धं पोदलेसी. हेडविकाने कागद उंच धरला आणि एकच ओरडा झाला. काकाने सेव्हेरिनला मिठी मारली, मग दोघांना घोडा आठवला आणि दोघे दूर झाले.

हिनेक हलला नव्हता. तो गाडीजवळ आला, बाबांसमोर उभा राहिला. “बाबा,” तो म्हणाला, “सकाळी मी जे बोललो…”

“बोललास. मूर्ख आहेस. तुझ्या आईवर गेलायस, तिलाही पटकन राग येतो.” बाबा जागचे उठले नाहीत. “साहेब टेकडीवरून चालत येतोय. अर्धा तास लागेल त्याला.”

“आणि शेड?” हिनेकने चाचरत विचारलं.

“शेड लहान पडेल,” ब्लाझेय कोउदेला म्हणाले. त्यांनी सीटवर बूड नीट टेकवलं आणि टेकडीकडे बोट केलं. “ते उद्या बघू. हँडल मार. आत्ता मला परत वर जायचंय.”